मुदतीआधी मरायला मनाई

दूर समुद्रातल्या एका बेटावर, कोकोपोच्या बाजारात सुपारी विकणाऱ्या बायांची रांग असते, तिच्या अगदी टोकाला दोरकास बसायची. टोकाला, कारण तिच्या शेजारी कुणी टिकायचंच नाही. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला रोदे नावाची बाई, जिला एका कानाने कमी ऐकू यायचं. रोदे तो कान दोरकासकडे करून बसे, म्हणून तिचं निभावत होतं. गिऱ्हाईकाने सुपारी उचलून दाबून पाहिली की दोरकास विचारायची, "बायकोही अशीच चाचपून आणलीस का रे?" गिऱ्हाईक ओशाळून मुकाट पैसे टाकायचं. सुपारी मात्र तिची चांगली असायची, हे तिच्या वैऱ्यांनाही कबूल होतं. आणि वैरी म्हणाल तर अख्खा बाजार.

तोंड चालू असताना तिचे हातही थांबत नसत. होडीने आलेल्या कवड्यांची टोपली मांडीपाशी असे. कवडीची पाठ चिमट्याने फोडायची, वेताच्या सालीत ओवायची, हात फैलावून वावाने मापायची. पाठ फोडली की कवडी पैसा होते. अख्ख्या कवडीला कुणी विचारत नाही. भांडणातला दंड, सोयरिकीतलं देणं, कधीकधी शाळेची फीसुद्धा या माळांवर भागते. पण खरी कवडी साठवायची ती मरणासाठी. वावाला वाव जोडत गेलं की त्याचं कडं वळायचं, गाडीच्या चाकाएवढं, आणि केवड्याच्या पानांत गुंडाळून माळ्यावर ठेवायचं. माणूस गेला की त्याचा भाचा ते कडं चारचौघांत कापतो आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवतो. ज्याचं कडं कापलं गेलं तो माणूस. ज्याचं कापलं गेलं नाही त्याला कुत्र्यासारखं पुरलं असं गाव म्हणतं, आणि पुढच्या पिढ्यांनाही ते ऐकवतं.

दोरकासच्या पाठीशी एकच भाऊ होता, तोकाउबा. तिच्या उलट. तिने दिवसभरात जेवढे शब्द खर्च केले तेवढे त्याला वर्षभर पुरले असते. नवरा खाणीत कामाला म्हणून दुसऱ्या बेटावर गेला आणि तिकडेच दुसरं घर मांडून बसला, तेव्हा दोरकासच्या पोराला, एलियाबला, तोकाउबानेच वाढवलं. वाढवायलाच हवं होतं म्हणा. तिकडे मामाचं जे असतं ते भाच्याचं होतं, त्याच्या पोटच्या मुलांचं नव्हे. पण कोको विकून पोराच्या फिया भरणं, त्याला बूट घेणं, हे सगळं तो कौतुकाने करायचा. ज्या वर्षी ज्वालामुखी फुटून शेजारचं राबाऊल शहर राखेखाली गेलं, त्या वर्षी तोकाउबा आपलं मोठं कडं पाठीवर घेऊन रस्त्याने पळाला. दोरकासच्या कमरेवर पोर होतं आणि डोक्यावर तिचं स्वतःचं अर्धवट कडं. वाटेत एका ओळखीच्याने "बाई, ओझं टाक, जीव वाचव" म्हटलं तर ती म्हणाली, "तू आधी तुझं पोट टाक."

तर हा एलियाब शिकला, राजधानीला मोर्सबीला गेला, एका गुंतवणूक कंपनीत चिकटला, आणि कंपनीने त्यालाच कोकोपोच्या कचेरीत पाठवलं. चकचकीत बूट, गळ्यात नाव लिहिलेला बिल्ला. दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याने नवशिक्यांसाठी वर्ग काढला. मामा पहिल्या बाकावर, धुतलेला शर्ट घालून. दोरकास शेवटच्या बाकावर, शिकायला नव्हे.

"आधी मुद्दल," एलियाब फळ्यापाशी उभा राहून म्हणाला. "तुम्ही जी मूळ रक्कम घालता ती मुद्दल. त्यावर वाढून येतं ते व्याज. आणि व्याजावरही व्याज चढायला लागलं की ती चक्रवाढ."

"उवांना पिल्लं, पिल्लांना पिल्लं," दोरकास मागून म्हणाली. "डोकं मात्र खाजवणाऱ्याचंच."

हॉल हसला. एलियाबने घसा खाकरला.

"कंपनीचा लहानसा हिस्सा विकत घेतला तर तो शेअर. कंपनीला नफा झाला की त्यातला वाटा मिळतो, तो लाभांश."

"आणि तोटा झाला की?"

"तर शेअरचा भाव पडतो. ती जोखीम. जोखीम कमी करायची म्हणून फंड असतो. पुष्कळांचा पैसा एकत्र करायचा आणि थोडा इथे, थोडा तिथे लावायचा. तारोचा कंद किडला तर केळी असतात, केळी गेली तर नारळ असतो, तसं."

"आणि फंड चालवणारा पळाला तर?"

"आई, प्रश्न शेवटी."

"पळाल्यावर विचारू होय?"

रोदे चांगल्या कानाने ऐकून खो खो हसली. एलियाब मग घाईघाईने तरलतेवर आला. गरज पडेल तेव्हा पैसा हातात येणं म्हणजे तरलता, एवढं एक वाक्य बोलला आणि पुढे सरकला. पुढचा शब्द त्याच्या आवडीचा होता, महागाई. "आज दहा किनात जेवढे मासे येतात तेवढे पुढच्या वर्षी येत नाहीत. म्हणजे घरात पडलेला पैसा दरवर्षी झिजतो. आता आपल्या माळ्यांवरची कडी घ्या. तो निजलेला पैसा आहे. त्याला उठवून कामाला लावायला हवं."

 असं कुणी बोलत नाही. पास्टरदेखील बोलत नाहीत.

दोरकास उठली. "निजलेला नाही रे, वाट बघतोय. तुझ्या मामाची वाट बघतोय, माझी बघतोय. आणि एक दिवस तुझीही बघेल, जर बुटांवर उधळून तुझ्याकडे काही उरलं तर." दाराबाहेर लाल पिंक टाकून ती तशीच बाजाराकडे निघून गेली. मामा मात्र पहिल्या बाकावर मान हलवत होता. भाचा काय बोलतो यापेक्षा न अडखळता बोलतो, याचंच त्याला अप्रूप.

भोळ्या माणसाचं अप्रूप फार महाग पडतं. पण ते कळायला त्यानंतरचा दुसरा पाऊसकाळ उजाडावा लागला.

तोकाउबाला खोकला धरला. औषधं झाली, सुया झाल्या, आणि एक दिवस दवाखान्यातल्या नर्सने घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय हे गावाला कळतं. दुसऱ्याच दिवशी भावाबहिणीच्या घरापुढे अंगणात कुळातली माणसं येऊन बसली. त्यांच्यात पुढे तोलिमेन. हा त्याच कुळातला दुसरा म्हातारा. तोकाउबाची कोकोची बाग डोळ्यात खुपते म्हणून डोळेच बारीक झालेला. मेलेल्यासाठी जो जास्त कवडी कापतो त्याचा शब्द कुळाच्या जमिनीवर चालतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"त्याचं कडं खाली आणा," तोलिमेन म्हणाला. "डोळे मिटायच्या आधी माणसाने आपलं कडं समोर बघावं. रीत आहे."

रीत होतीच. दोरकास शिडी चढून माळ्यावर गेली. भावाचं कडं गावात सर्वांत मोठं. हलवायला दोन गडी लागायचे. तिने नुसतं सरकवून बघावं म्हणून हात घातला, आणि ते उचललं गेलं.

एकटीने. तिने केवड्याचं पान बोटाने फाडलं. आत सुकलेल्या वेलींचं वेटोळं होतं.

खालून तोलिमेनचा आवाज आला, "काय गं, जड आहे ना? येऊ का वर हात लावायला?" आणि शिडीची पायरी वाजली.

आयुष्यभर दोरकासचं तोंड उगाच सुटलं होतं. त्या दिवशी ते कामाला आलं. "वर पाय टाकलास तर तंगडी तोडीन!" ती ओरडली. "माझा भाऊ अजून श्वास घेतोय आणि तुम्ही मापं घ्यायला आलात? गिधाडांनो! त्याने खोकलेला प्रत्येक खोकला मोजताय होय? चला, उठा माझ्या अंगणातून!" हाताला लागली ती करवंटी तिने खाली भिरकावली, ती तोलिमेनच्या खांद्याला लागली. माणसं उठली. दोरकास ही अशीच, म्हणून पुटपुटत गेली. कुणाला संशय आला नाही. ती माळ्यावरच बसून राहिली.

खाली उतरल्यावर ती भावाच्या चटईपाशी गेली. "दादा, कडं कुठाय?"

तोकाउबाने तोंड भिंतीकडे फिरवलं. "भाच्याला दिलं. त्याने विकून फंडात घातलं. दोरके, पाच वर्षांत दीडपट होतं म्हणाला. कागदावर रेघ काढून दाखवली त्याने. रेघ वर वर जात होती."

"रेघ वर जात होती. आणि तू कुठे चाललायस?"

"तेव्हा खोकला नव्हता," तो म्हणाला.

या उत्तरावर तिला त्याला मारावं की मिठी मारावी कळेना. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. एलियाब कचेरीतून आला तो तिने पायऱ्यांवरच गाठला.

"पैसे काढ. आजच्या आज."

"आई, काढता येत नाहीत. पाच वर्षांची मुदत आहे. त्याला लॉक-इन म्हणतात. मुदतीआधी मुद्दलही हलत नाही, म्हणून तर परतावा जास्त मिळतो."

"मामा मरायला टेकलाय."

"खातं माझ्या नावावर आहे. त्याला सह्यांचा त्रास नको म्हणून. तेव्हा मामा गेला तरी काही फरक पडत नाही."

तिने त्याच्या कानाखाली वाजवली.

"फंडाला फरक पडत नाही असं म्हणालो!" एलियाब गालावर हात धरून ओरडला.

"मलाही तेच ऐकू आलं! वर्गात एक शब्द सांगितला होतास. गरज पडेल तेव्हा हातात येतं ते. काय होतं ते?"

"तरलता."

"कुठाय ती? मेलेल्या माणसाला पाच वर्षं उंबऱ्यात ठेवू? आल्यागेल्याच्या हातावर काय ठेवू, तुझी रेघ? आणि वर वेली भरून ठेवल्यास! माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांत वेली!"

"वेली मामाने भरल्या. तू ओरडशील म्हणून," तो म्हणाला, आणि मग एकदम रडायलाच लागला. चकचकीत बुटांसकट पायरीवर बसला. त्याने पैसा खाल्ला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. खाल्ला असता तर बरं झालं असतं. चोराला शिव्या तरी सरळ घालता येतात. याने मामाचं भलंच करायचं ठरवलं होतं, फक्त त्या भल्यात मामाच्या मरणाला जागा नव्हती.

"कुणाकडून उसनं घेऊ," तो नाक पुसत म्हणाला.

"कुणाकडून? तोलिमेनकडून? उद्या तोच कापायला उभा राहील आणि परवा बागेत कोयता घेऊन शिरेल. शहाणपण बंद कर तुझं. मी बघते."

तिने काय बघितलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी तोकाउबाच्या चटईशेजारी बांबूच्या चौकटीवर एक कडं टांगलेलं होतं, पानं सोडून, कवड्या पांढऱ्याशुभ्र. तोकाउबाने हात लांब करून त्याच्यावर ठेवला. "मला कुत्र्यासारखं पुरतील का गं, दोरके?"

"गप्प पड. तू मरायचं काम कर, बाकीचं माझं काम."

त्याचा चेहरा निवळला. तोलिमेन पुन्हा आला, कड्याभोवती फिरला. "मला वाटलं होतं त्याहून बारीक दिसतंय."

"तूही दिसतोस," दोरकास म्हणाली.

तोकाउबा रविवारी सकाळी गेला. चर्चची घंटा होत होती; थोड्याच वेळात अंगणात तारो आणि केळी गरम दगडांवर नारळाच्या दुधात शिजत होती, आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं येत होती. दुपारी एलियाब अनवाणी उभा राहिला. भाच्यानेच कापायचं असतं. आईने कुठूनतरी, कुणाच्यातरी पाया पडून हे कडं आणलं, एवढाच त्याचा समज. त्याने पाती लावली आणि मोकळ्या हाताने वाटायला लागला. म्हाताऱ्यांना वाव वाव, बायकांना हात हात, पोरांना वीत वीत. मामाचं नाव मोठं दिसावं म्हणून थोडं जास्तच. माणसं मान डोलवत होती. तोलिमेनला दिलेला तुकडा सगळ्यांत लांब होता, आणि त्याला तो घेताना खाली बघावं लागलं.

वेताची साल संपते तिथे दुसरी जोडतात आणि जोडावर दोऱ्याची गाठ मारतात. जो तो घरात मिळेल तो दोरा घेतो. एलियाबने पुढचा वाव ओढला, आणि जोडाच्या गाठीवर त्याची पाती थांबली. दोरा निळा होता. पुढचा जोड, तोही निळा. त्याच्या शाळेच्या शर्टाचा निळा, तो शर्ट फाटल्यावर आईने उसवून उसवून गुंडाळून ठेवलेला. ओसरीत बसून तिने ते दोरे काढले होते तेव्हा तो समोर पाढे म्हणत होता.

त्याने मान वर केली. समोर बायकांत दोरकास बसली होती, हात पुढे करून, आपला तुकडा घ्यायला, जशा सगळ्या बसल्या होत्या तशीच.

गर्दीत कुजबूज झाली. तोलिमेनचे बारीक डोळे हलले. एलियाबला हात उचलवेना.

"काय बघतोस?" दोरकास गरजली. "पाती बोथट झाली की हात? तुझा मामा ताटकळलाय! काप!"

त्याने कापलं. शेवटच्या गाठीपर्यंत कापलं. आईच्या हातावर तिच्याच कड्याचा वीतभर तुकडा ठेवताना तो तिच्याकडे बघू शकला नाही. तिने तो मापून घेतला आणि म्हणाली, "कमी दिलास."

मंडळी पांगल्यावर तो तिच्या मागे मागे फिरत राहिला. "आई, तुझं कडं... आता तुझ्या वेळी..."

"माझ्या वेळी काय? तुझी मुदत कधी संपते?"

"अजून साडेतीन वर्षं."

"मग साडेतीन वर्षं मला मरायला मनाई आहे. लॉक-इन. बरोबर बोलले ना, मास्तर?"

तिने तो शब्द आयुष्यात एकदाच ऐकला होता, पण वापरला असा की तेव्हापासून गावात तो तिचाच झाला. पुढे तिला मलेरियाने गाठलं, अंग भट्टीसारखं झालं. पास्टर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आले, तर तिने डोळे न उघडताच त्यांना हाकललं. "मुदत संपली नाही. नंतर या." तोलिमेन विचारपूस करायला आला, त्याला तर तिने पाणीही विचारलं नाही. बरी होऊन ती बाजारात जाऊन बसली आणि पहिल्याच गिऱ्हाईकाला रडवलं. एलियाबचा वर्ग चालूच राहिला. फक्त फळ्यावरचा पहिला शब्द आता मुद्दल नसून तरलता असे, आणि तो त्यावर बराच वेळ बोले.

मुदत संपली. रक्कम वाढली होती, रेघेएवढी नव्हे, पण वाढली होती. एलियाब ते किना घेऊन कवडी विकणाऱ्यांकडे गेला आणि संध्याकाळी एक कडं घेऊन आला. दोरकासने ते एका हाताने उचललं.

"हे काय? बांगडी?"

"आई, कवडीचा भाव दुप्पट झालाय. पश्चिमेच्या ज्या बेटांवरून ती येते तिथेच मिळेनाशी झालीये. त्या पैशात एवढंच आलं."

दोरकासने कडं खाली ठेवलं. "म्हणजे दादाचं कडं माळ्यावर असतं, तर ते आज दुप्पट किमतीचं असतं?"

"हो."

"निजल्या निजल्या?"

 फळ्यावर एलियाबने हा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

"मामाचं गेलं, माझं गेलं, आणि हाती ही बांगडी. अर्ध्या कड्यात अर्धीच मरू का? कंबरेपासून वर की खाली, ते तरी सांग." ती तणतणत उठली, आतून कवड्यांची टोपली आणली आणि त्याच्या बुटांवर आदळली. "काढ ते. बस. पाठ मी फोडते, तू ओव. आणि गाठ घट्ट मार, नाहीतर तिथे गेल्यावरही तुझ्या नावाने बोंब मारीन."

तो बसला. त्याची बोटं कागदाची, वेताची साल दोनदा तुटली, दोनदा तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. गाठीला त्याने निळा दोरा मागितला, तर ती म्हणाली की निळा संपला, आता तुझा हा शर्ट फाटेपर्यंत थांबावं लागेल.

"याला फार दिवस लागतील, आई," तो थोड्या वेळाने म्हणाला. "घाई नाही ना तुला?"

तिने चिमट्यात एक कवडी धरली, पाठ फोडली आणि त्याच्या तळहातावर टाकली.

"आहे," दोरकास म्हणाली. "तिकडे दादा एकटाच आहे. इतकी वर्षं त्याला कुणी एक शिवी दिली नसेल."